मामाजींचं जर्मन जेवण

माझे सासरे गोंदियाच्या पुढे कधी गेले नाहीत, पण जर्मनीतला उकडलेला बटाटा त्यांनी वर्षभर खाल्ला. उकडला मी. म्हणून त्यांच्याविषयी बोलायचा पहिला हक्क माझा, आणि मी गोड बोलेन अशी आशा कोणी धरू नये.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी जंगल खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. नोकरीत साहेबापुढे जेवढं गप्प बसावं लागलं, तेवढं सगळं बालाघाटच्या घरात बोलून काढत. पाणी गरम का, पाणी गार का, कावळा आपल्याच छपरावर काहून बसतो, कशावरूनही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. आमचे हे तिरोडीच्या खाणीत नोकरीला, फक्त रविवारी घरी. बाकीचे दिवस तो सगळा दारूगोळा माझ्या एकटीवर.

साठ-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. माझे धाकटे दीर सुधाकरभाऊजी हातात आलेली सरकारी नोकरी सोडून शिष्यवृत्तीवर जर्मनीला शिकायला निघाले. मामाजींनी आकाशपाताळ एक केलं. निघायच्या दिवशी ते स्टेशनावर गेले नाहीत. ओसरीत पाठ फिरवून बसले आणि म्हणाले, "आजपासून त्याचं नाव या घरात निघालं नाही पाह्यजे." निघालं नाही. भाऊजींचं नाव 'थो' पडलं, म्हणजे आमच्या बोलीतला 'तो'.

थो दर महिन्याला पत्र पाठवायचा. मामाजी पत्राला हात लावत नसत. मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवायचं. थंडी, कॉलेज, खोलीची मालकीण, सगळं निमूट जाऊ द्यायचे. जेवणाचा मजकूर आला की मान वळायची. तेवढा भाग दोनदा वाचून घ्यायचे आणि भडकायचे.

पहिल्याच पत्रात भाऊजींनी मोठ्या कौतुकाने लिहिलं की इथे बटाटे नुसते उकडतात, वर मीठ आणि लोणी, हळद नाही, तिखट नाही, आणि छान लागतात! मामाजी ताडकन उठले.

"हे मानसाचं खानं होय? कर उद्या तसंच. मानूस याच्यावर जगते का मरते, पाहतो मी."

मी केलं. बसले, शिव्या देत देत सगळं संपवलं आणि ताट माझ्याकडे असं सरकवलं, जसा काही तो बटाटा मीच शोधून काढला होता. मला वाटलं, हौस फिटली. कशाची फिटते? पुढचं पत्र आलं आणि कोबीची पाळी आली.

कोबी बारीक चिरून, मीठ लावून, बरणीत आंबवायचा. आता आंबलेलं अन्न आम्ही गाईलासुद्धा घालत नाही. पण मामाजींचा हुकूम. आठवड्यात घरभर असा वास सुटला की शेजारची मिश्राइन नाकाला पदर लावून दारात आली आणि विचारू लागली, "बहू, घर में चूहा मरा है क्या?" तिला काय सांगू? सासरे खाणार आहेत म्हणून? खाल्ला त्यांनी. डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला, आणि सरकार असल्या देशात पोरं पाठवतंच कसं म्हणून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

मग बटाट्यात सफरचंद ठेचून खातात असं पत्र आलं. बालाघाटात तेव्हा सफरचंद फक्त आजाऱ्याच्या उशाशी दिसायचं. मी पेरू ठेचले. ते खाऊन मामाजी दोन दिवस पोट धरून होते, पण चूक पेरूची नाही, जर्मनीची. चीज म्हणून मी दही फडक्यात टांगून, मीठ घालून वाढलं. दुधात शिजवलेला भात साखर-दालचिनी घालून तिकडे पोटभर जेवण म्हणून खातात, हे ऐकलं त्या दिवशी तर मामाजी मनातून दुखावले. घरात रामपायलीकडचा चिन्नोर तांदूळ यायचा, शिजताना गल्लीला वास जायचा. त्याची अशी दशा! "भाताले बी नाही सोडलं," एवढंच म्हणाले. आणि तोही खाल्ला.

माझ्या जिवाचा संताप व्हायचा. एका घरात दोन स्वयंपाक. चुलीशी मी, धुरात मी, आणि तिकडे भाऊजी मजेत लिहितात, वहिनी, आज एक नवीन पदार्थ खाल्ला! मनात यायचं, एकदा लिहावं, बाबा रे, उपास कर, पण नवीन काही खाऊ नको. यांना सांगितलं तर हे हसायचे. रविवारपुरतं हसायला काय जातं?

पौषात ते पत्र आलं. भाऊजींनी लिहिलं होतं की इथे संध्याकाळी स्वयंपाक करतच नाहीत. पाव, लोणी, चीज, सगळं थंड. मी खोलीत एकटाच बसून खातो. आता सवय झाली.

मामाजी भडकले नाहीत. दोनदा वाचूनही घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आजपासून संध्याकाळी चूल पेटवू नको."

पौषातली थंडी, आणि चूल नाही! मी भांडी आपटली. काही उपयोग झाला नाही. मामाजी ओसरीत पावाचा तुकडा घेऊन बसायचे आणि चावत राहायचे. शिव्या नाहीत, काही नाही. मी आत सकाळचा गार भात गिळायची.

आता आमच्या घराच्या दोन गोष्टी मोहल्ल्याला पाठ होत्या. दिवेलागणीला छपराच्या कवेलूंतून निघणारा धूर आणि मामाजींचा आवाज. दोन्ही एकदम बंद पडल्या. ज्या घरात मयत झाली त्या घरात चूल पेटत नाही, हे कोणाला सांगावं लागतं का? आणि या घरचा पोरगा परमुलखात.

तिसऱ्या संध्याकाळी समोरच्या शेंडेकाकू चार बायका घेऊन आल्या. हाक नाही, काही नाही. हातात झाकलेलं पिठलं-भात. मी पावाला लोणी लावत होते. काकूंनी मला कवटाळलं आणि रडतच विचारलं, तार कधी आली? मी म्हटलं, कोणती तार?

तेवढ्यात ओसरीतून, काकूंच्या मागून आलेल्या शेंडेकाकांचा आवाज आला. "मन घट्ट करा, बाबूजी. पोरगा गेला, आपल्या हातात काय होतं?"

मी बाहेर धावले. मामाजी उभे होते. पाव हातातच होता. त्यांना वाटलं, सगळ्या गावाला कळलं आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही.

"कोनं सांगतलं?" ते म्हणाले. "माह्या सुधाकरले काय झालं? सूनबाई, माह्या सुधाकरले काय झालं?"

भाऊजी जाताना घरात बंद केलेलं नाव, सगळ्यांसमोर. मी ओरडूनच सांगितलं, की मामाजी, काही झालं नाही, भाऊजी खुशाल आहेत, आपली चूल पेटत नाही म्हणून हे लोक आले. ते मटकन खाली बसले. माझा वर्षभराचा राग होता, खरा होता, पण त्या वेळी तो मला शोधूनही सापडेना.

मग मामाजींचा आवाज परत आला. शेंडेकाका, काकू, पिठलं, सगळ्यांना एका दमात घराबाहेर काढलं. "माहा पोरगा जिता हाय, उचला ते भांडं!" माणसं गेल्यावर स्वतः लाकडं आणली, चुलीपुढे बसले आणि फुंकणीने असे फुंकू लागले की घरात धूर मावेना. सगळा कवेलूंतून वर गेला. मी चिन्नोर चढवला.

भात शिजत असताना म्हणाले, "कागद आन. लिही."

मी कागद घेऊन चुलीच्या उजेडात बसले.

"सुधाकरले अनेक आशीर्वाद." मग लाकूड आत सारलं. "संध्याकाळी काही तरी ऊन करून खात जाय. थंड खाऊन मानूस मरत नाही, म्या खाऊन पाह्यलं. पर घरात कोनी हाय, असं वाटत नाही."

मी शब्द न शब्द तसाच लिहिला.