लॅपटॉपला पोचा कोणी पाडला?

"गुन्हेगार माझं नाव ऐकून गुन्हा अर्ध्यात सोडतो," इंद्रभान म्हणाले. "नजर घारीची, कान सशाचे, मेंदू वकिलाचा आणि छाती पैलवानाची."

"आन् नाक तुह्या आज्याचं," खाटेवरून हिंमतराव म्हणाले. "आपुन एका बाकावर बसत होतो बे. मले काय वळख देऊन राह्यला?"

"तपासाची सुरुवात ओळखीनेच होते. ती पद्धत आहे."

पुंजाजी दारात चपला काढत होता. ही ओळख त्याला पाठ होती. 'छाती पैलवानाची' म्हटल्यावर इंद्रभान छाती फुगवतात आणि मग त्यांना ठसका लागतो, हेही पाठ होतं. आज हिंमतराव मध्ये बोलल्यामुळे ठसका जरा उशिरा लागला.

इंद्रभानांनी मलकापुरातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये उभी हयात पहारा केला होता. त्या काळात तिथे बऱ्याच चोऱ्या झाल्या. त्यामुळे चोरीचा अनुभव आपल्याइतका तालुक्यात कोणालाच नाही, असं ते सांगत आणि ते खरंही होतं. निवृत्तीनंतर त्यांनी पुंजाजीच्या शिलाईच्या दुकानावर स्वतःची पाटी लावली : 'इंद्रभान गुप्त तपास केंद्र. सर्वांसाठी खुले.' पुंजाजीला मदतनीस नेमताना त्यांनी त्याच्या सूक्ष्म निरीक्षणशक्तीचं कौतुक केलं होतं. पुंजाजीकडे लुना होती, याचा उल्लेख तेव्हा झाला नाही.

आज त्या लुनावरून दोघं पूर्णाकाठच्या या गावी आले होते. हिंमतरावांचा उजवा पाय बैलगाडीवरून पडून मोडला होता आणि प्लास्टरमध्ये होता. बोलावणं त्यांचं होतं, पण प्रकरण त्यांच्या मुलीचं होतं.

कोकिळाने लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. धातूच्या झाकणावर मधोमध खोल पोचा पडला होता. झाकण उघडलं तर पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडे गेले होते आणि मध्ये शाई सांडावी तसा काळा डाग होता.

"काका, थोडक्यात सांगतो," ती म्हणाली. वऱ्हाडात मुलीही 'सांगतो'च म्हणतात. "हा पुण्याच्या कंपनीचा आहे. बाबाचा पाय मोडला, आईच्या मागं कापसाची वेचणी, म्हणून कंपनीनं मले वेचणी होईपर्यंत घरून काम कराले दिलं. आता मॅडम म्हणतात, अपघात असन तं कसा झाला ते उद्या सकाळपर्यंत कळव, दुसरा पाठवतो. नाही कळवलं तं सोमवारी पुण्याले हजर व्हाचं."

"अपघात?" इंद्रभानांचा चेहरा पडला. "अपघात असेल तर माझं इथे काय काम?"

"अपघातच पाह्यजे काका."

"बेटा, पाहिजे म्हणून अपघात होत नसतो. हा घातपात आहे. पुंजाजी, भिंग!"

पुंजाजीने सुईत दोरा ओवायचं भिंग काढून दिलं. इंद्रभान टेबलावर वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. तपास कुठला आणि कंबर धरलेली कुठली, हे पुंजाजीला त्यांच्या पाठीवरून कळत असे. त्याने त्यांना अलगद सरळ केलं.

"तीन पुरावे," इंद्रभान कण्हत म्हणाले. "एक, पोच्याच्या कडेला लाल डाग. रक्त. दोन, बिजागरीत अडकलेला तपकिरी केस, राठ, मर्दानी. तीन, या फटीत पांढरा पदार्थ." त्यांनी तो नखाने काढून जिभेला लावला. "आंबट. सायनाइड!"

"सायनाइड चाखल्यावर चव सांगाले कोणी उरत नाही, दादा," पुंजाजी म्हणाला.

इंद्रभानांनी स्वतःची नाडी धरली. आपण उरलो आहोत, याची त्यांनी खात्री करून घेतली. "मग सौम्य सायनाइड."

"शेवटचा धड कधी होता?" पुंजाजीने कोकिळाला विचारलं.

"काल सकाळी. घरात नेट चालत नाही, म्हणून मी वावरात घेऊन गेलो. विहिरीजवळ नेट येते. पिशवी धुऱ्यावर ठेवली आन् तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी बोलत बोलत विहिरीभोवती फिरत राह्यलो. लय वेळ चालला फोन. मग पिशवी उचलून घरी आलो. संध्याकाळी उघडून पाहतो तं हे असं."

"वावरात कोण होतं?"

"आई होती आन् वेचाले आलेल्या बाया. वेचणीचा पहिलाच दिवस होता ना."

"त्यांना विचारलं काय?" पुंजाजी म्हणाला.

"आई तं पहाटंच मावशीकडे देऊळगाव राजाले गेली. गाडीत तिचा फोन लागत नाही."

"बायांना आणि आईला वगळा," इंद्रभानांनी हात झटकला. "गुन्हा गंभीर आहे. घरच्या माणसाला काय विचारायचं? घरचा माणूस कधीच काही पाहत नाही. मी बावीस वर्षं पहारा केला, मी काही पाहिलं का?"

पुंजाजीने मान डोलावली.

इंद्रभानांचा पहिला सिद्धान्त माकडाचा होता. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निंब आहे, निंबावर माकड असणार, माकडाने लॅपटॉप वर नेला आणि खाली टाकला.

"आन् मग खाली उतरून पिशवीत भरून चेन लावली?" पुंजाजीने विचारलं.

"शिकलेलं माकड."

दुसरा सिद्धान्त परकीय हेराचा होता. कोकिळाने आपल्या कामाचं स्वरूप सांगितल्यावर तो मागे घ्यावा लागला. ती चपलांच्या दुकानांचे हिशेब तपासत असे. त्यासाठी कोणतंही राष्ट्र पूर्णाकाठी हेर धाडील, हे इंद्रभानांनाही पटेना.

तिसऱ्या सिद्धान्ताच्या वेळी शेजारून जानराव खाकरले. जानराव म्हणजे हिंमतरावांचे शेजारी आणि धुरेकरी. दोघांच्या वावरांमध्ये एकच धुरा होता आणि तो कोणाचा, यावर दोघं गेली कित्येक वर्षं न कंटाळता भांडत होते. जानरावांच्या मिशा झुबकेदार होत्या आणि ते त्यांना मेंदी लावत. रंग तपकिरी.

इंद्रभानांच्या डोळ्यांत चमक आली. पुंजाजीने चपला पायात सरकवल्या.

"जानराव," कुंपणापाशी जाऊन इंद्रभान म्हणाले, "काल सकाळी आपण धुऱ्यावर होता का?"

"माह्या धुऱ्यावर मी रोज असतो."

"त्याचा नाही धुरा!" आतून, खाटेवरून आवाज आला.

"मोडल्या पायानं झोप ना गुमान!" जानराव ओरडले. मग इंद्रभानांकडे वळून म्हणाले, "काऊन विचारून राह्यले?"

"आपल्या मिशीचा एक केस हवा होता."

"कायले?"

"जुळवायला."

"मिशी काय सोयरीक आहे का जुळवाले?"

यावर इंद्रभानांनी हात पुढे केला आणि केस घेतला. एक हवा होता, पण हाताला चार लागले. जानरावांनी मारलेली बोंब ऐकून छपरावरची कबुतरं उडाली. पुंजाजी इंद्रभानांना ओढत घरात घेऊन आला आणि त्याने दार लावलं. जानराव दारावर धक्के मारू लागले.

इंद्रभान मात्र भिंगाखाली केस धरून शांत उभे होते. "तपकिरी," ते म्हणाले. "आणि तो लॅपटॉपमधला? तपकिरी. जुळलं!"

"दादा, माह्या लुनाची सीटही तपकिरी आहे."

"तीही नजरेखाली ठेव." मग ते कोकिळाकडे वळले. "घे बेटा, तुझ्या मॅडमला कळव. धुऱ्याच्या वादातून, पूर्वनियोजित, मिशीधारी इसमाने केलेला घातपात."

कोकिळा उठून उभी राहिली. "काका, घातपात म्हणलं तं कंपनी पोलिसांचा कागद मागन. तो येईपर्यंत मले पुण्यातच बसावं लागन." तिने खाटेकडे बघितलं. "बाबाले न्हाणीत कोण नेईन? आई वावर पाहीन का बाबाले पाहीन?"

हिंमतराव भिंतीकडे बघू लागले. "जा तू पुण्याले," ते म्हणाले. "मी सरपटत जाईन न्हाणीत. लहानपणी जातच होतो."

बाहेर जानरावांचे धक्के थांबले. पुंजाजीला वाटलं, आता इंद्रभानांना लुनावर बसवावं आणि मलकापूर येईपर्यंत मागे वळून पाहू नये.

तेवढ्यात मागच्या दाराने भिमाबाई आत आली. ती हिंमतरावांच्या वावरात वेचायला येई. हातात रिकामी वाटी होती.

"कोकिळे, काल माह्या वाट्याचं खोबरं राह्यलं वो. नातू रडून राह्यला." मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. "माय वो! हे घरी कायले आनली? वावरातच राहू द्याची ना."

"काय?" कोकिळाने विचारलं.

"हे नारळ फोडाची पाटी."

सगळ्यांच्या नजरा भिमाबाईकडे वळल्या. भिमाबाईला वाटलं आपण खोबरं मागितल्याचा राग आला. "नसन तं राहू द्या," ती म्हणाली.

"मावशी, थांब," कोकिळा म्हणाली. "यावर नारळ फोडला?"

"मंग? काल सीतादही नव्हतं का? वेचनीच्या पहिल्या दिवशी नारळ फोडल्याबगर बोंडाले हात लावते का कोनी? तुही माय गोटा पाहून राह्यली. आता आपल्या वावरात कुठचा आला गोटा? निस्ती काळी माती. नांगराले गोटा लागला तं लोक पाहाले येतीन. मंग तिनं पिशवीतून हे पाटी काढली, हळद-कुंकू लावलं, दही-भात ठेवला, आन् हानला नारळ. दुसऱ्या ठोक्यात फुटला. लय मजबूत आहे पाटी."

कुंकू, दही, नारळाची शेंडी. पुंजाजीने तिन्ही पुरावे मनातल्या मनात आपापल्या जागी ठेवले आणि हसू गिळलं. इंद्रभान अजून जानरावांच्या मिशीचे केस चिमटीत धरून उभे होते. आता ते कोणाला परत करावेत, हे त्यांना समजत नसावं.

दुपारी कोकिळाच्या आईचा, मंजुळाबाईंचा, फोन लागला. कोकिळाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आई, तू माह्या लॅपटॉपवर नारळ फोडला?"

"हाव. पुसून ठेवला होता ना पदरानं. काऊन, डाग राह्यला का?"

"मोडला तो!"

"असा कसा मोडन? तूच तं म्हनलीस! मी हात लावाले भेत होती तं म्हनलीस, आई, याचं कवच लय पक्कं असते, फौजेतल्या कसोट्या पास झालं आहे, वरून पडलं तरी काई होत नाही. मी म्हनलं, फौजेचा आहे तं नारळाले काय भेते?"

"मले सांगाचं तरी!"

"तुह्या कानाले फोन. आन् बाया खोळंबल्या होत्या. बाबा जेवले का?"

आता पुण्याच्या मॅडमना खरं सांगायचं होतं. कोकिळाने नंबर लावला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे आईंनी तो मुद्दाम आपटला?" मॅडमनी विचारलं.

"हो. म्हणजे आपटला नाही. नारळ आपटला."

"कशासाठी?"

"फोडायसाठी."

"लॅपटॉप?"

"नाही मॅडम, नारळ."

हिंमतराव कोपरांवर उठून बसले होते. दाराच्या फटीतून जानराव, वरच्या ओठावर ओला रुमाल धरून, ऐकत होते.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "नारळ मुद्दाम फुटला. लॅपटॉप अपघाताने. मी तसंच पुढे पाठवते. तू घरीच थांब." फोन ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "नारळ खरंच दुसऱ्या ठोक्यात फुटला?"

हिंमतरावांनी तोंडावर उपरणं ओढून घेतलं आणि आपल्याला झोप आल्याचं जाहीर केलं. जानराव आत आले आणि त्यांनी हिंमतरावांना न्हाणीत जायचं आहे का विचारलं. अर्थात धुऱ्याचा विषय वेगळा, हे त्यांनी लगेच स्पष्ट केलं.

"मी पहिल्यापासून अपघातच म्हणत होतो," लुनावर बसताना इंद्रभान म्हणाले. पुंजाजीने किक मारली. लुनाच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही, असं त्याने ठरवलं.

आठवडाभराने पुण्याहून आलेलं खोकं मलकापुरातून गावी न्यायचं होतं. पुंजाजी निघाला आणि पुराव्याला संरक्षण हवं म्हणून इंद्रभान मागे बसले. खोकं वजनाला फार जड होतं. त्यात बॉम्ब असावा, असं इंद्रभानांचं मत पडलं, आणि म्हणून त्यांनी ते पुंजाजीच्या पायाशी ठेवलं.

कोकिळाने खोकं उघडलं. वर नवा लॅपटॉप होता. खाली, फोमच्या चादरीत नीट गुंडाळलेला, चांगला पाट्याएवढा काळा दगड होता. त्यावर कंपनीची छापील पट्टी डकवलेली होती : 'कंपनीची मालमत्ता. नोकरी सोडताना परत करावी.'

मंजुळाबाईंनी दगड दोन्ही हातांनी उचलला, उलटापालटा करून पाहिला, बोटाने वाजवला.

"गोटा झकास आहे," त्या म्हणाल्या. "याले वावरात नको नेऊ वो कोकिळे. कोनीही उचलून नेईन."

त्यांनी दगड कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवली, वर विळा आणि न्याहारीचं गाठोडं टाकलं, आणि वेचणीला निघाल्या.