अण्णांच्या वस्तऱ्याचा टवका

अण्णांची दाढी रोज होते, पण पूर्ण कधीच होत नाही. उजव्या गालावर पांढऱ्या केसांची एक बारीक रेघ राहतेच, नांगरताना तास सुटल्यासारखी. पुन्हा एक हात फिरवला तर जाईल ना ती! पण अण्णा म्हणतात, "वस्तऱ्यानं ठिवलं ते आपुन कशाला काढायचं?"

हा वस्तरा त्यांच्या वडिलांचा. शिंगाची मूठ, आणि धारेच्या मधोमध टवका उडालेला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत मी राहायला आलो तेव्हा, अण्णांच्या सांगण्यानुसार, तो वडिलांनी बिडकीनच्या बाजारात घेतलेला होता. पुढच्या वर्षी तो तहसीलदारानं बक्षीस दिला. गेल्या दिवाळीत तो थेट निजामाच्या न्हाव्याच्या पेटीतून निघाला. आणखी दोन दिवाळ्या जाऊ द्या, खुद्द निजाम बिडकीनला दाढी करायला येऊन बसतील.

अण्णा चितेगावच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम हाती घेतलं: वस्तरा दुरुस्त करावा की नाही, हे ठरवणं. दूधवाल्याचा सल्ला घेतला, लिफ्टवाल्याचा घेतला, माझ्या सासऱ्यांचाही घेतला. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला ठेवून त्यावर अर्धा तास चर्चा झाली. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "बगू की. घाई काय हाय?"

खरा तमाशा वेगळाच होता. टवका पाडला कुणी? अण्णांच्या मते त्यांच्या बायकोनं, म्हणजे सुमनकाकूंनी, तेलाचा डबा फोडताना. काकू ते थोरल्या नणंदेवर ढकलायच्या. "मी नाय! तुमच्या अक्कानं आक्रोड फोडले त्यानं!" भिंतीपलीकडचा हा खटला मी नऊ वर्षं फुकट ऐकला.

मग काकूंचं विसरणं वाढलं. आधी गॅस चालू राहायला लागला, मग नातवाचं नाव गेलं, मग बोलणंच आटलं. पण अण्णांचा खटला चालूच! रोज सकाळी आठच्या ठोक्याला, "सुमन, खरं सांग, वस्तरा कुणी मोडला?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, आजारी बाई ती! काही दयामाया?

शेवटी मीच जुन्या शहरात हिंडून एक म्हातारा धारवाला गाठला. "टवका जाईल साहेब," तो म्हणाला. "पातं थोडं बारीक होईल, बस." टवका गेला की भांडण मिटलं, काकू सुटल्या. मोठ्या ऐटीत मी अण्णांना ही बातमी दिली.

अण्णांनी वस्तरा छातीशी धरला. "नाय. दुरुस्त नाय करायचा."

माझा तोल गेला. "अण्णा, आता तरी सोडा त्या बाईला! कसला सूड उगवताय?"

ते माझा हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेले. काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, अण्णांनाही नाही.

"सुमन, च्या घेती का?"

काही नाही.

"नातवाचा फोन आल्ता."

काही नाही. मग अण्णांनी वस्तरा उघडून टवक्यावर बोट ठेवलं. "ह्यो कुणी मोडला?"

काकूंच्या कपाळाला आठी पडली. मान ताठ झाली. "मी नाय! अक्कानं मोडला. आन् माझ्यावर घालता व्हय?"

"तूच मोडला."

"नाय म्हन्ते ना!"

अण्णा माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. "दिवसभरात एवढंच बोलती माझ्यासंगं. आता तुमीच सांगा, करू दुरुस्त?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी अण्णांच्या गालाकडे बोट दाखवलं. "आन् ती दाढी नीट करा आधी. लोक काय म्हन्तील मला?"

अण्णांनी त्या रेघेवरून हळूच हात फिरवला.

"उद्या करतो," ते म्हणाले.