मिठाची मसलत करूनही पार्सेकरांची मोटार वाचली, त्याची कैफियत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, भाद्रपद मास. सकलसौभाग्यमंडित, माहेरचा धाक आणि सासरचा दरारा, तीर्थस्वरूप सुमंगलाताईसाहेब, मुक्काम वाळपई, यांचे चरणी चुलतभाऊ नारायण पार्सेकर, वस्ती पार्से, महाल पेडणे, दंडवत घालोन विज्ञापना करितो ऐसीजे. आपण फोनवरून फर्माविले की आमचे वडिलांचे मोटारीचे काय जाहले ते सत्य लिहोन पाठविणे, विनायकाचे तोंडचे एक अक्षर आम्ही मानणार नाही. आज्ञा शिरसावंद्य. सत्य लिहितो. त्याने आपले बंधूंची अब्रू थोडकी झडेल, परंतु गतवर्षीच बरीच झडोन गेल्यामुळे फारशी तोशीस पडणार नाही.

मोटारीची पूर्वपीठिका आपणांस ठावकी आहे, तरी कैफियतीचा शिरस्ता म्हणोन नमूद करितो. फिरंगी अमदानी संपण्यास तीन वर्षे होती तेव्हा ही मोटार जर्मन मुलखातून जहाजाने मुरगावचे धक्क्यास उतरली, आणि काशिनाथकाका, डिचोली बाजारातील सुपारीचे मातबर व्यापारी, तीस घरी घेवोन आले, आणि तेव्हापासोन दरसाल चवथीचा देव गणपती मयें गावचे मूर्तिकाराचे चित्रशाळेतून याच मोटारीत बैसोन अकरा-बारा कोस पार्शेस येत गेला. काका गेले, दुकान गेले, सुपारीची वखार गेली, मोटार राहिली. ती विनायकरावांचे ताब्यात आली आणि तिचे ग्रह फिरले. विनायकराव खाणीचे कचेरीत चौतीस वर्षे खुर्ची राखोन निवृत्त जाहलेले. खुर्चीस गंज चढत नाही, म्हणोन लोखंडाचा स्वभाव त्यांस कधी कळलाच नाही.

मग गतवर्षी कोलवाळचे पुलावर, भर दुपारी, देव आत असता, मोटार खोकली, धुरली आणि थंड पडली. तारा ओलीने खाल्लेल्या आणि तळाचा पत्रा पापडासारखा जाहलेला. अखेर देवास टेंपोत बसवोन आणावे लागले, आणि त्या टेंपोने सकाळी बांगडे वाहिले होते. टेंपो तीन वेळा धुतला, गोमूत्र शिंपडिले, तरी आरतीस उभ्या राहिलेल्या मंडळींस दीड दिवस बांगड्यांची याद येत राहिली. त्यावर आपण वाळपईहून हुकूम सोडिला, तो असा की येते चवथीस देव आपले चाकांवर या मोटारीत घरी आला तर ठीक, नाहीतर मोटार उचलोन वाळपईस आणावी, आणि आमचा चिरंजीव साईश आपले हॉटेलाचे दारी ती मांडील, आणि बॉनेट उघडोन आत झेंडूच्या कुंड्या ठेवील, म्हणजे येणारे जाणारे पर्यटक तीस टेकोन फोटो काढतील. हा हुकूम ऐकोन विनायकराव दोन दिवस जेवले नाहीत. मोटार गेली तर काकांचे म्हणोन घरात काहीच उरत नव्हते. एवढे एक हसण्याजोगे नाही, बाकी सर्व आहे.

मग विनायकरावांनी मसलत मांडिली. मसलतीस बोलाविला कोण, तर पेडण्याचे बाजारातील मोबाईल दुरुस्त करणारा गौरेश, ज्याने मोटारीचे बॉनेट जन्मात उघडिले नाही, परंतु बॉनेट उघडणाऱ्यांची चलच्चित्रे फोनवर पुष्कळ पाहिली आहेत. या मातब्बर वजिराने सल्ला दिला की ओल हा गनीम वाऱ्याबरोबर येतो, सबब वाराच बंद करावा. तेव्हा अंगणाचे कोपऱ्यात काँक्रीटचा किल्ला उठविला, वर स्लॅब, खाली चकचकीत लाद्या, पुढे लोखंडी शटर, आणि खिडकी म्हणोन एक नाही. उंदीर आत जाता तर गुदमरोन मेला असता. गावची मंडळी पाहावयास आली आणि वाहवा करोन, चहा पिवोन गेली, कारण चहा मिळत असता पार्शेत खरे बोलण्याची चाल नाही.

वैशाख अखेर आभाळ भरोन आले, तेव्हा विनायकरावांनी मोटारीस मंगलस्नान घातले. साबण लावोन, नळी धरोन, आतबाहेर, वरखाली, सांदीकोपऱ्यांत पाणी पोचेल ऐसी धुतली, आणि ती निथळण्यापूर्वीच पाऊस येतो की काय या घाईने किल्ल्यात लोटिली, आणि वरोन जाड प्लास्टिकची ताडपत्री घालोन सुंभाने चोहोबाजूंनी आवळिली. म्हणजे गनिमास आधी आत घेतला, मग दरवाजे लाविले, मग तटावर पहारे बसविले. ऐसा बंदोबस्त आजवर कोणी केला नसेल.

यावरही वजिराचे समाधान नव्हते. त्याने फोनवर वाचोन सांगितले की मीठ ओल पिते. मग अगरवाड्याहून जाडे मीठ दोन पोती मागविले, आणि सहा घमेली भरोन काही बैठकींवर, काही पायांखाली ठेविली. तेव्हा शालिनीवहिनी, ज्यांनी पस्तीस पावसाळे या घरचे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, राखिले, आमसुलांची सोले, सुक्या मिरच्या, उडीद, सुंगटे म्हणजे सुकी कोळंबी, आणि ज्यांच्या बरणीस आजवर बुरशी शिवली नाही, त्या दारात उभ्या राहोन म्हणाल्या, "अहो, पावसात मिठाक पाणी सुटता. म्हणान तर आमी तें टोपलेत घालून सकयल मडकी दवरतों. तुमी मडकी खंय दवरली?" प्रश्न एवढाच, की सुटलेले पाणी धरावयास खाली मडकी कोठे ठेविली. त्यावर विनायकरावांनी फर्माविले की स्वयंपाकघरातील मीठ निराळे आणि शास्त्रातील मीठ निराळे. मग शटर खाली ओढिले, कुलूप घातले, आणि हुकूम केला की चवथीपर्यंत कोणी उघडू नये, उघडेल तो मोटारीचा वैरी.

ज्येष्ठ ऐसा गेला. रोज सायंकाळी विनायकराव छत्री घेवोन शटरापुढे उभे राहत आणि मिशीवरोन हात फिरवीत. आतून काही आवाज येत नसे, याचा अर्थ त्यांनी असा लाविला की आत सर्व कुशल आहे. मग आषाढाचे आरंभी एके सकाळी शटराखालून तांबूस पाण्याचा ओघळ अंगणात आला. शालिनीवहिनींनी बोट बुडवोन जिभेस लाविले. खारट. मग त्या कोणास न विचारिता कुलूप काढोन मोकळ्या जाहल्या.

आत जे पाहिले ते लिहवत नाही, परंतु लिहितो. ताडपत्री आतून घामाने डबडबलेली. बैठकींवर पांढरी बुरशी कापसासारखी, स्टिअरिंगास हिरवी लव. मिठाने वचनाप्रमाणे ओल प्यायली होती, प्यावी तितकी प्यायली, आणि मग तिची खारी आंबील होवोन घमेल्यांवरोन वाहिली, आणि तळाचे पत्र्यात जावोन बसली. विनायकरावांनी दरवाजा ओढिला तो मूठ हातात आली. वजिरास फोन लाविला, तो फोन संपर्कक्षेत्राबाहेर. ज्याचा धंदाच फोनाचा, त्याचा फोन त्यानंतर अकरा दिवस लागला नाही.

मग डिचोलीहून बाबली मेस्त्री यांस पाचारण केले. काकांचे हयातीत ह्या मोटारीचे इंजिन त्यांनीच राखिले होते. आता वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे, जीभ शाबूत. त्यांनी आत वाकोन पाहिले, पत्र्यावर नख मारिले, ते आरपार गेले, आणि कंबर सरळ करोन म्हणाले, "विनायकबाब, ही मोटार न्हय, हें मिठाचें आगर. आतां पावसात हांगा सुंगटां सोडा, चवथीउपरांत विकूंक जातलीं." मग त्यांनी पाच दिवस खपोन गोड्या पाण्याने खार धुतला, पुसला, सुकविला, तळहाताएवढी तीन भोके नव्या पत्र्याने बुजविली, खालून ग्रीस थापिले, आणि बजाविले की पुन्हा या कोठडीत घातलीत तर मला बोलावू नका, भंगारवाल्यास बोलवा. सुकी जागा द्या. विनायकराव म्हणाले, आषाढात पेडणे महालात सुकी जागा कोठून आणावी? बाबलीबाब म्हणाले, ते घरधनिणीस विचारा.

घरधनीण उत्तर घेवोन उभीच होती. न्हाणीमागे लाकडांची खोप आहे, आपणांस आठवत असेल. चिऱ्यांचे चार खांब, वर मंगळुरी कौले, दोन बाजू मोकळ्या, आणि तिसरे बाजूस न्हाणीची भिंत, जिच्या पलीकडे अंघोळीचे पाणी तापविण्याची चूल रोज पहाटे पेटते. ती भिंत आषाढातही हातास ऊन लागते. घरात सुकी म्हणोन तेवढीच जागा, आणि तिचा मान शंभर वर्षे जळाऊ लाकडांस होता. हे ऐकोन विनायकरावांचा पारा चढला, की आमचे वडिलांची मोटार, जिच्यात फिरंगी अंमलदार बैसोन गेले, ती लाकडांचे खोपीत? लोक काय म्हणतील? तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लाकडां सुकतत, सोलां सुकतत, आनी तुमची मोटारूच काय ती पाटलीण? कोंडून दवरल्यार पावाक बुरशी येता, हें तर लोखण." विनायकरावांनी तीन दिवस अबोला धरिला. त्या अवधीत लाकडे एका अंगास रचोन, बाबलीबाब, वहिनी आणि हा सेवक यांनी मोटार ढकलोन खोपीत नेली. अबोल्याचा इतका उपयोग या घरात पूर्वी जाहला नव्हता.

मग वहिनींनी आपला अंमल बसविला. पावसाचे बाजूस माडाच्या विणलेल्या चुडतांची झापे उभी केली. चाकांखाली फळ्या सारिल्या. ताडपत्री काढोन जुनी सुती चादर घातली. काचा दोन बोटे उघड्या ठेविल्या. आणि ऊन पडले रे पडले की पुरुमेंताच्या सुपांबरोबर मोटारीचेही चारही दरवाजे आणि बॉनेट उघडावे, बैठका काढोन उन्हात टाकाव्या, आभाळ आले की सर्व आत घ्यावे. कोणते यंत्र नाही, वजीर नाही. आणि दर सोमवारी, विनायकराव बाजारास गेले की, वहिनी मोटार चालू करोन पाणंदीने हमरस्त्यापर्यंत नेवोन आणीत. पस्तीस वर्षांत विनायकरावांनी त्यांस त्या स्टिअरिंगास हात लावू दिला नव्हता. घरची लहान गाडी त्या रोज पेडण्यास हाकतात, ती गोष्ट विनायकरावांचे हिशेबी गाडी हाकणे नव्हेच.

श्रावण गेला. विनायकराव कोणी पाहत नाही ऐसे पाहोन खोपीत जात, आणि पत्र्यावर नख मारीत, आणि नख आरपार जात नाही ऐसे पाहोन तोंड अधिकच वाकडे करीत. आपली फजिती जाहली हे दुःख मनुष्य सोसतो, परंतु दुसऱ्याचे खरे निघाले हे सोसत नाही.

मग भाद्रपद शुद्ध तृतीया, मंगळवार, देव आणण्याचा दिवस उजाडला. विनायकराव नवे धोतर नेसोन स्टिअरिंगावर बैसले आणि किल्ली फिरविली. मोटार कण्हली. पुन्हा फिरविली, पुन्हा कण्हली. चोक ओढिला, ढकलिला, पाय आपटिला, पेट्रोलाचा दर्प सुटला, कपाळास घाम आला. अंगणात अर्धा गाव गोळा जाहला, आणि हसू कोणी लपविले नाही. आपल्या झेंडूच्या कुंड्या मला डोळ्यांपुढे दिसू लागल्या. तेव्हा वहिनी पाट आणि तबक माझे हाती देवोन पुढे आल्या आणि हलके बोलल्या, "देंवात. तुमी येतना देवाक मांडयेर घेवन फाटी बसात. गाडी हांव हाडतां." देवाचे कामी वाद घालता येत नाही. विनायकराव देंवले, म्हणजे उतरले. वहिनींनी थोडे थांबोन चोक अर्धा ठेविला आणि किल्ली फिरविली, आणि दुसरे खेपेस मोटार गरजली.

मयेंहून परत येताना मी पुढे घंटा घेवोन बैसलो होतो. मागे विनायकराव, मांडीवर देव, देवावर उपरणे. कोलवाळचा पूल आला. तिघांपैकी कोणी श्वास घेतल्याचे मला स्मरत नाही. मोटार चढली, मधोमध आली, खाली शापोरा नदी भरोन वाहत होती, आणि मोटार पूल उतरली. तेव्हा मागून बारीक आवाज आला, "बाबांक बरें दिसलें आसतलें गो." वहिनींनी आरशात पाहिले आणि गियर बदलिला. मला रडू आले, हे कबूल करितो. देव दिवेलागणीपूर्वी आपले चाकांवर पार्शेस पोचला, फटाके उडाले, आणि बांगड्यांचे नाव कोणी काढिले नाही.

ही नरमाई आरती होईतोवर टिकली. मग विनायकरावांनी मंडळींस सांगावयास आरंभ केला की मोहीम मूळ आपलीच, मिठाने आधी ओल शोषोन घेतली म्हणोन पुढचे साधले, आणि खोपीचा विचारही आपले मनात वैशाखातच होता. गौरेश, ज्याचा फोन आता लागू लागला होता, मान डोलवीत मोदक खात होता. मजला स्वतंत्र हुकूम जाहला की ताईस लिहिताना फत्ते विनायकरावांचे नावे लिहावी. हुकुमाची तामिली करितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद शुद्ध तृतीयेस विनायकराव काशिनाथ पार्सेकर यांणी ओल व गंज या उभय गनिमांस नामोहरम करोन वडिलार्जित मोटार राखिली. लिहिले.

आता आपणांस कळावे म्हणोन पुढील मजकूर. पंचमीस देव विसर्जनास पोचवोन आल्यावर विनायकरावांनी पेडण्याचे बाजारात मिरवावे म्हणोन मोटारीची किल्ली मागितली. वहिनी तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, सोमवारी मी जाईन तेव्हा चला, मागे जागा आहे. गड कोणी जिंकिला याविषयी बखरकार शंभर प्रकारे लिहितात, परंतु गडाच्या किल्ल्या ज्याचे हाती असतात त्यास पुसावे लागत नाही. किल्ली शालिनीवहिनींचे कमरेस आहे, आणि विनायकराव सोमवारची वाट पाहत आहेत. साईशास कुंड्या इतरत्र मांडण्यास सांगावे. बहुत काय लिहिणे.