निळ्या ठिपक्याच्या बारा मेंढ्या

"तीन महिने थांबा! तीन महिन्यांत पुण्याच्या साहेबांना पनवेलचा रस्ता तोंडपाठ झाला नाही, तर दयाराम म्हात्रे हे नाव सांगणार नाही!"

ही प्रतिज्ञा दयाराम म्हात्रेनं १९५६ सालची दिवाळी आटोपल्यावर भर बाजारात केली, आणि तीसुद्धा न्हाव्यासमोर बसून, एका गालाला साबण असताना! न्हाव्यानं वस्तरा मागे घेतला. प्रतिज्ञा करणाऱ्याची मान हलते, हा त्याचा अनुभव होता.

दयाराम सरकारी मेंढी संशोधन उपकेंद्राचा सुपरवायझर होता. ऐकायला भारदस्त वाटतं ना? उपकेंद्र म्हणजे बंद पडलेल्या भातगिरणीचं आवार, एक डगमगतं टेबल, एक मायक्रोस्कोप, तुळशीराम नावाचा शिपाई, आणि घाटावरून आणलेल्या चोवीस मेंढ्या. त्यांच्याबरोबर त्यांना राखणारी हौसाबाई धनगरीणही आली होती. कोकणातल्या दमट हवेत, भाताच्या खाचरांत चरून मेंढी टिकते का, की पोटात जंत होऊन मरते, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. सरकारला कधी काय जाणून घ्यावंसं वाटेल, सांगता येत नाही!

दयारामची नोकरी हंगामी होती. प्रयोग यशस्वी झाला तर केंद्र कायम, आणि केंद्राबरोबर तोही कायम. फसला तर मेंढ्या घाटावर आणि दयाराम पुन्हा बापाच्या मिठागरात. मिठागरात त्यानं सहा वर्षं काढली होती. मिठानं चिरलेल्या टाचांची आठवण झाली की त्याला अजून बूट काढवत नसत. मॅट्रिक होऊन बूट घालणारा म्हात्र्यांच्या घरातला तो पहिला माणूस!

प्रयोग साहेबांनीच लिहून पाठवला होता. बारा मेंढ्यांच्या पाठीवर लाल ठिपका. त्यांना जंतांचं औषध आणि रोज शेंगदाण्याची पेंड. उरलेल्या बारांना निळा ठिपका. त्यांना काही नाही. दर आठवड्याला सगळ्यांची वजनं करायची, लेंड्या बाटल्यांत भरायच्या, त्यातली जंतांची अंडी मायक्रोस्कोपखाली मोजायची. लाल जाडजूड होणार, निळ्या वाळणार, औषधाचा गुण सिद्ध होणार. सरळ काम!

पहिल्याच दिवशी दयारामनं तुळशीराम आणि हौसाबाईला समोर उभं करून हे सगळं समजावलं. बायको सत्यवती डबा घेऊन आली होती, तीही ऐकत उभी राहिली.

"मंग या निळ्यावाल्यांना काय द्याचा?" तुळशीरामनं विचारलं.

"काही नाही."

"काय नाय मंजे, कमी?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही!"

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. "आवं सायेब, एका दावणीची जनावरं ही! एकीला पेंड घालायची आन् दुसरीनं टकामका बघत ऱ्हायाचं?"

"बघू दे! बघण्यासाठीच ठेवल्यात त्या!"

सत्यवतीनं डबा टेबलावर जरा आपटलाच. "पंगतीला बसवून एकाच्या पानात वाढाचा आन दुसऱ्याचा पान कोरा ठेवाचा! आमच्या सुकापूरला असा झाला तर अख्खी पंगत उठून जाते."

"ही पंगत नाही, संशोधन आहे!"

"पान कोरा तो कोराच," ती म्हणाली आणि घरी गेली.

दयारामला वाटलं, विषय संपला. लग्नाला आठ वर्षं होऊनही त्याला असं वाटत असे, यावरून तो किती भोळा होता ते कळतं.

पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. तो बाटल्यांची पेटी घोडागाडीतून पोस्टात नेई आणि काही बाटल्या पुण्याला रवाना करी. गाडीवाल्यानं एकदा विचारलं, "साहेब, लोणचं का?" दयारामनं खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून गाडीवाला त्याला पाहिला की घोड्याला चाबूक मारून भरधाव निघे!

तिसऱ्या आठवड्यात गडबड सुरू झाली. गिरणीच्या तुळईला टांगलेल्या काट्यावर निळ्या ठिपक्याची एक मेंढी चढवली, ती चार रत्तल वाढलेली. दयारामनं काट्यावर थाप मारली. चार म्हणजे चारच!

"तुळशीराम, ही निळीच ना?"

"निळीच तर हाय. धू धू धुतली तरी निळीच."

पाचव्या आठवड्यात निळ्या लालच्या बरोबरीला आल्या. सातव्यात पुढे गेल्या! लाल मेंढ्या औषध घेऊन, पेंड खाऊन, मान खाली घालून उभ्या. निळ्या उपाशीतापाशी टुणटुण उड्या मारतायत! अंगावरची लोकर अशी फुगलेली, की हात बुडावा.

दयारामचं डोकं चालेना. त्यानं शेजारच्या गिरणीतून भाताचं पोतं आणून काट्यावर टांगलं. काटा बरोबर होता. स्वतः लोंबकळून पाहिलं. काटा त्याचं वजन दिवाळीपेक्षा सात रत्तल कमी दाखवत होता, आणि दुर्दैवानं तेही बरोबरच होतं. पेंड खराब असेल म्हणून त्यानं मूठभर खाल्ली. पेंड उत्तम होती. मायक्रोस्कोपखाली तो डोळे दुखेपर्यंत अंडी शोधत बसला. लालच्या लेंडीत अंडी नाहीत, ठीक, औषध दिलंय. पण निळ्याच्या लेंडीतही नाहीत! मग जंत गेले कुठे? त्यांना काय बदलीचा हुकूम आला?

"हौसाबाई, तुम्ही ठिपके बदलत नाही ना?"

"न्हाई वो! माज्या म्हाताऱ्याची आन!"

"तुळशीराम, पेंड नक्की लाललाच घालतोस ना?"

"तुमच्यासमोर पाटी नेतंय ना रोज!" तुळशीराम इतक्या निरागसपणे म्हणाला, की दयारामला विचारल्याचीच लाज वाटली.

घरी त्यानं सत्यवतीला गाऱ्हाणं सांगितलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "देव बघतो सगळ्यांकडं." आता यात संशोधनाला उपयोगी पडेल असं काय होतं?

बाराव्या आठवड्यात पत्र आलं, की साहेब सोमवारी जातीनं येणार. दयारामची पाचावर धारण बसली. रविवारी दुपारी तो एकटा टेबलाशी बसला. समोर वजनांचं रजिस्टर. एका पानाच्या डोक्यावर 'लाल', दुसऱ्याच्या डोक्यावर 'निळा'. फक्त दोन शब्द बदलले, की सगळं साहेबांना हवं तसं! केंद्र कायम, दयाराम कायम! त्यानं टाक दौतीत बुडवला. मिठागर डोळ्यांपुढे आलं. त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. बारा आठवडे मेंढ्यांच्या पाठीमागे वाकून जे टिपलं, ते आपल्याच हातानं खोटं करायचं? शेवटी त्यानं टाक पुसून ठेवला आणि बूट पॉलिश करायला घेतले. निदान शेवटचे तरी चकचकीत असावेत!

सोमवारी अकरा वाजता जीप आवारात शिरली. साहेब उंच, चष्मेवाले, मोजकं बोलणारे. त्यांनी मेंढ्यांभोवती एक फेरी मारली आणि खूश होऊन म्हणाले, "वा, म्हात्रे! निळ्यांना औषध दिलंत, लाल तशाच ठेवल्यात. रंग उलटे केलेत, पण हरकत नाही. फरक स्पष्ट आहे."

वाचकहो, पाहिलंत? नुसतं 'हो साहेब' म्हटलं असतं तरी सुटला असता! पण दयारामच्या तोंडून खरं निघून गेलं. "नाही साहेब. औषध लाललाच दिलंय. निळ्यांना... काही नाही."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "काही नाही?"

"काही नाही."

"म्हणजे काही न दिल्यानं मेंढी वाढते?"

"तसं... दिसतंय साहेब."

"मग सरकारचं खातं कशाला हवं, म्हात्रे?"

साहेबांनी एक निळी मेंढी जवळून बघायला मागितली. तुळशीराम तिला आणायला पुढे झाला, तर ती उलट धावत त्याच्याच अंगावर आली! तिच्यामागून दुसरी, तिसरी! एकीनं त्याच्या सरकारी कोटाच्या खिशात तोंड घातलं, दुसरीनं दुसरा खिसा ओढला. खिसा टर्रकन फाटला आणि शेरभर पेंड साहेबांच्या बुटांवर सांडली!

"तुळशीराम!" दयाराम ओरडला.

"अर्धीच घेत होतू साहेब!" तुळशीराम रडकुंडीला आला. "लालवाल्यांची अर्धी यांना. नुसतंच बघतात हो त्या तोंडाकडं! घास उतरंना मला घरी!"

एवढ्यात सत्यवती साहेबांसाठी जेवणाची पाटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत आली. तिला पाहताच बाराच्या बारा निळ्या मेंढ्यांनी बें बें करत तिच्याकडे धाव घेतली. गावाहून आजी आल्यावर नातवंडं धावावीत तशी! लाल मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. ओळखच नव्हती.

"सत्यवती, तू पण?" दयारामनं डोक्याला हात लावला.

"आता रं देवा," सत्यवतीनं पाटी उतरवली. "शेजारच्या गिरणीतला कोंडा टाकूनच देतात ना? त्याच्यात तुमच्या बाबांच्या मिठागरातला मूठभर मीठ. सरकारचा एक दाणा घेतला नाय मी! तुमी बाटल्या घेऊन पोस्टात गेलात, की येत होते."

साहेब वळून हौसाबाईकडे पाहू लागले. तिनं आपणहूनच हात जोडले.

"म्या काय बी घातलं न्हाई सायेब. निसती पळसपापडी, पळसाचं बी. कुटून, गुळात मळून. आमच्यात जंतावर तीच देत्यात. आन् सकाळी चरायला आदी या निळ्या सोडायच्या, मंग त्या लाल. लालला सरकार हाय, सायेब. हिला कोन हाय?"

तिघंही एकमेकांकडे आश्चर्यानं बघत होती.

"म्हंजी तू बी?" हौसाबाईनं तुळशीरामला विचारलं.

"मंजे वहिनी पन?" तुळशीराम म्हणाला.

प्रत्येकाला वाटत होतं, निळ्यांचा वाली आपण एकटेच! तिघांनी मिळून त्यांना इतकं जेवू घातलं होतं, की पंगतीत कोरं पान राहिलं ते लालच्या पुढ्यात!

साहेब टेबलाशी बसले. रजिस्टर पानोपान चाळलं. मग जेवले. मग पुन्हा चाळलं. जाताना एवढंच म्हणाले, "चोवीसच्या चोवीस जिवंत आहेत. दुसऱ्या केंद्रांवर निम्म्या मेल्या." जीप धुरळा उडवत गेली. हे कौतुक होतं की सांत्वन, ते दयारामला कळेना. त्या रात्री तो जेवला नाही, आणि सत्यवतीशी बोललाही नाही.

पंधरा दिवसांनी इंग्रजीतला टाइप केलेला हुकूम आला. दयारामनं तो तीनदा वाचला. प्रयोग नव्यानं करायचा होता. हौसाबाईची पळसपापडी, सत्यवतीबाईंचं कोंडा-मीठ आणि तुळशीरामची पेंड यांची वेगवेगळी परीक्षा घ्यायची होती. तिघांनाही त्याचा भत्ता मिळणार होता! आणि शेवटी लिहिलं होतं: 'ज्यांना काहीही द्यायचे नाही अशा मेंढ्या वेगळ्या आवारात, फक्त श्री. म्हात्रे यांच्या ताब्यात ठेवाव्यात. नियम पाळून मेंढीला खरोखर काहीही न देणारा या केंद्रावरील एकमेव मनुष्य तेच आहेत. सबब त्यांना नोकरीत कायम करण्यात येत आहे.'

कायम! दयारामचे डोळे भरून आले. मग त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि कागद बारीक घडी घालून खिशात टाकला.

सत्यवती दारातच उभी होती. "काय लिवलाय?"

"कायम झालो."

"अगो बाई!" तिनं आनंदानं हात जोडले. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "खरा सांगा, साहेबाला काय दिलात तुमी?"

"काही नाही गं!" दयाराम बूट काढत पुटपुटला. "कुणालाच काही दिलं नाही, म्हणून तर कायम केलं!"