माळ्यावरचा उंदीर

बिस्किटांचा डबा माळ्यावर ठेवायची कल्पना माझीच. (आमच्या घरात माझ्या कल्पना सहसा चालत नाहीत. ही चालली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) माणूस हाताशी असेल ते खातो, असं मी कुठेतरी वाचलं आणि जेवताना तज्ज्ञाच्या थाटात बोलून गेलो. बायकोने शब्द खाली पडू दिला नाही. बिस्किटं, वेफर्स आणि केक ठेवायचा पत्र्याचा डबा तिने उचलला, स्टुलावर चढली आणि माळ्यावरच्या जुन्या गाद्यांमागे पार आत सारला. टेबलावर आली गाजरं, काकड्या आणि पेरू.

तिचा जीव खरं तर एका मोठ्या कामात अडकला होता. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने दुकान बंद केलं आणि तिथे मोबाइल दुरुस्तीवाला आला, तेव्हापासून अख्ख्या बिल्डिंगचा भाजीशी संबंध तुटत चालला होता. मंडई पुलापलीकडे. तिथून ओढत आणलेली पालेभाजी घरी पोचेपर्यंत माना टाकायची. वेफर्सची पाकिटं मात्र खालच्या दुकानाच्या दारातच टांगलेली, येता-जाता गालाला लागतील अशी. शेवटी बायकोने गावाबाहेर भाजी पिकवणाऱ्या एका बाईंना गाठलं. सकाळी तोडलेली भाजी आणि फळं दर आठवड्याला टेम्पोने आमच्या फाटकाशी आणायला त्या तयार होत्या. अट एकच, पुरेशी घरं कबूल व्हायला हवीत. भरलेला टेम्पो तसाच परत नेणं त्यांना परवडणार नव्हतं. म्हणून रविवारी आमच्या घरी बिल्डिंगमधल्या बायकांची बैठक ठरली आणि मला तेवढा वेळ बाहेर राहायचा हुकूम मिळाला.

मी गेलोही होतो. पण बायको त्या भाजीवाल्या बाईंना आणायला फाटकाकडे जाताना दिसली आणि घर रिकामं आहे हा विचार डोक्यात शिरला, तो काही निघेना. एकच बिस्किट खायचं आणि सटकायचं, असं ठरवून मी परत आलो. स्टूल शोधत सगळं घर पालथं घातलं. अखेर ते गच्चीच्या दारामागे सापडलं.

आमचा माळा स्वयंपाकघराच्या दारावर आहे, तोंड बाहेरच्या खोलीकडे, पुढे पडदा. स्टुलावरून डब्यापर्यंत हात पोचेना, म्हणून मी सरपटत आत गेलो. डबा हाती लागला, झाकण उघडलं, बिस्किट हातात घेतलं आणि कुलपात किल्ली फिरली. मी पडदा ओढून घेतला.

बायका आल्या, बसल्या. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका माझ्या स्टुलावर बसल्या. (म्हणजे माझा जिनाच त्यांनी जप्त केला.) बैठकीत त्यांचाच शब्द चालायचा आणि त्यांना ही योजना मुळीच पटली नव्हती. भाजी दारात येऊन काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं, खाणार कोण? त्यांचे यजमान चहाबरोबर बिस्किट नसलं तर घर डोक्यावर घेतात. बाकीच्या माना डोलवू लागल्या. भाजीवाल्या बाई गप्पच होत्या. सगळं हातचं जातंय असं दिसताच बायकोने ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"आमच्या ह्यांनी तर आपणहून बिस्किटं सोडली," ती अभिमानाने म्हणाली.

मी नेमकं तेव्हाच हातातलं बिस्किट तोंडात टाकलं होतं. ते गिळवेना, थुंकवेना. धूळ नाकात गेली, शिंक आली, ती दाबायला मी दात आवळले आणि कुर्रकन आवाज झाला.

बिल्डिंगच्या सेक्रेटरीणबाई लगेच म्हणाल्या, की माळ्यावर उंदीर आहे आणि चांगला मोठा आहे. बायको दुखावली. तिच्या घरात उंदीर नाहीत, हे ती पटवून देतेय तोवर शिक्षिकाबाईंनी जळमटं काढायची काठी शोधून माझ्या बरगडीत खुपसली.

"अहो, मी आहे," मी आतून म्हणालो.

"मी कोण?" वर्गात हजेरी घ्यावी तसं त्यांनी विचारलं.

(हा प्रश्न मोठमोठ्या साधूंना पडत आला आहे. पण गादीखाली आडवं पडून, तोंडात बिस्किट धरून त्याचं उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आली नसावी.)

पडदा सरकला. सगळ्या बायका माना वर करून बघत होत्या. हसू कोणालाच येत नव्हतं, बायकोला तर नाहीच. तिचे इतक्या दिवसांचे हेलपाटे मी एका बिस्किटापायी बुडवले, या विचाराने मला घाम फुटला. ती आत गेली आणि टेबलावरची थाळी घेऊन आली. थाळी रिकामी होती.

"सकाळी ही गाजरांनी भरलेली होती," ती म्हणाली. "कोणी खाल्ली?"

मी आठवून पाहिलं. स्टूल शोधताना टेबलापाशी येरझाऱ्या झाल्या होत्या खऱ्या. "मीच असेन," मी म्हणालो. "लक्ष नव्हतं माझं."

तेव्हा भाजीवाल्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "बिस्किट खायला निघाले आणि वाटेत गाजरं संपवली. समोर होती म्हणून. मी टेम्पो दारात आणते म्हणते, ते यासाठीच."

शिक्षिकाबाईंनी काठी खाली ठेवली. आमचे हे गाजरं खातील का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पहिलं घर स्वतःचं सांगितलं. मग एकेक करत जवळजवळ सगळ्याच कबूल झाल्या. मला इतकं हायसं वाटलं, की बैठक संपेपर्यंत वरच राहावं लागलं त्याचं काही वाटलं नाही. स्टूल अडलेलं होतं. कोणीतरी मला एक पेरू वर दिला, तो मी खाल्ला.

सगळ्या गेल्यावर बायकोने स्टूल लावलं. आता विजा कोसळणार म्हणून मी जीव मुठीत धरून उतरलो, तर ती सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. हसू ओसरल्यावर म्हणाली, हात धुऊन या, चहा टाकते.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. फाटकाशी ही रांग. शिक्षिकाबाईंचे यजमान पालकाची जुडी मिरवत निघाले होते. मीही पिशवी घेऊन ताठ मानेने उभा होतो. घडलं ते लोक एव्हाना विसरले असतील, अशी माझी समजूत होती. भाजीवाल्या बाई मजल्याप्रमाणे हाका मारत होत्या. पहिल्या मजल्याचे झाले, दुसऱ्याचे झाले, तिसऱ्याचे झाले. मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली.

"आता माळ्यावरचे या," त्या म्हणाल्या.

आणि मी मुकाट्याने पिशवी पुढे केली.