गच्चीवर कोणी आलंय

विरामचिन्हांच्या नियमातून पूर्णविरामांना काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी त्यांना निःस्वार्थी समजायला नको. इमारतीचं अध्यक्षपद. रविवारच्या सभेत निवडणूक होती. समोर पहिल्या मजल्यावरचे कंपाउंडर उभे होते, आणि त्यांची जीभ म्हणजे साखरेच्या पाकात भिजवलेली गोळी. पूर्णविरामांकडे होती ती छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून कमावलेली करडी नजर, आणि इमारतीच्या ग्रुपचं अॅडमिनपद. तेव्हा ग्रुप असा सरळ करून दाखवायचा, की लोकांनी म्हणावं, ज्याने आमची वाक्यं वळणावर आणली तो पाण्याची टाकी कशी गळू देईल.

पूर्णविराम हे नाव अर्थात लोकांनी ठेवलेलं. वाक्य संपवताना ते हनुवटी खाली आणून असा ठोका देत, की समोरच्याला पुढे बोलायची सोयच राहत नसे.

नियम सोपा होता. चुकीचं चिन्ह टाकणारा एक दिवस ग्रुपबाहेर. 'का' लिहिलं की प्रश्नचिन्ह हवंच, आणि ते एकच हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी 'पाणी आलं का???' लिहून पहिल्याच सकाळी बाहेर गेल्या. तळमजल्यावरचा शिंपी 'का' लिहून चिन्ह विसरला, तोही गेला. परत आली ती दोघंही शहाणी होऊन. 'का' लिहायचा नाही, प्रश्नचिन्ह टाकायचं नाही. चिन्हच नाही तर चूक कुठली? बघता बघता सगळ्या इमारतीने तेच धरलं. पूर्णविरामांना वाटलं, लोक सुधारले. हल्ली कोणी उगाच काही विचारत नाही.

शुक्रवारी दिवेलागणीला ते चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात एकटेच बसले होते. बायको खाली चालायला गेली असणार, असा त्यांचा अंदाज. जिन्यातली ट्यूब फडफडत होती; उजेड येई आणि विचार बदलून परत जाई. इतक्यात छताच्या वर कोणीतरी चाललं. थांबलं. मग फरशीवरून काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज आला.

फोन थरथरला. मावशींनी लिहिलं होतं, 'गच्चीवर कोणी आलंय'.

'पुरुष आहे', शिंपी.

'अनोळखी आहे', कंपाउंडर.

'हातात काहीतरी आहे', पुन्हा मावशी.

'पांढरं आहे', शिंपी.

आता तुम्ही-आम्ही असतो तर ओळखलं असतं, की इथे सगळे विचारताहेत आणि सांगत कोणीच नाही. पण मावशींचा प्रश्न शिंप्याला बातमी वाटला, शिंप्याची शंका कंपाउंडरांना साक्ष वाटली, आणि पूर्णविरामांनी तर जन्मभर समोर जे छापलंय तेवढंच वाचलेलं. प्रश्नचिन्ह नाही, म्हणजे विधान. एवढी विधानं एका सुरात खोटी कशी असतील?

'पाय दिसत नाहीत', कंपाउंडरांनी लिहिलं.

'खाली उतरतंय', मावशींनी लिहिलं.

पूर्णविरामांच्या मानेवरचे केस उभे राहिले. भीती मजकुराची नव्हती, व्याकरणाची होती. सुरुवातीला वर एक पुरुष होता. आता तो नव्हता, तीही नव्हती. आता 'ते' उतरत होतं. तीन मजल्यांच्या बोटांखाली त्याचं लिंग बदललं होतं, आणि नपुंसकलिंगात नेमकं काय काय मोडतं ते पूर्णविरामांइतकं कोणाला ठाऊक असणार.

तरीही ते उठले. कंपाउंडर आधी वर पोचले तर रविवार त्यांचा, हे त्यांना घाबरतानाही विसरता येईना. जिना चढून त्यांनी गच्चीचं लोखंडी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, आणि घाईघाईने पण निर्दोष लिहिलं: 'गच्चीला कुलूप लावले आहे. कोणीही घाबरू नये.'

पाठवलं, आणि दार वाजलं. तीनदा. सावकाश. दर ठोक्यानंतर नेमका थांबा, जणू पलीकडच्यालाही विरामचिन्हं येत होती.

मग दारापलीकडून आवाज आला. "अहो."

पूर्णविरामांनी कठडा धरला. मला काय हाक मारतात तेही याला माहीत आहे.

"अहो, ऐकताय ना."

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'ते मला अहो म्हणत आहे.' कंपाउंडरांना काळजीने विचारायचं होतं, वहिनी घरात आहेत ना, एकटे तर नाही ना तुम्ही. लिहिताना मात्र त्यांनी नियम पाळून दोनच शब्द लिहिले: 'वहिनी आहेत'.

पूर्णविरामांनी ते विधान म्हणून वाचलं. मग दाराकडे बघितलं. मग पुन्हा वाचलं, आणि या वेळी अर्थही वाचला.

कुलूप निघालं तेव्हा बायको दोन्ही हातांत पांढऱ्या चादरींचा ढीग घेऊन उभी होती. पायाशी चिमट्यांची बादली.

"मला कोंडलंत."

"हा प्रश्न आहे की..."

"बोलू नका. मी कळवलं होतं. 'वर जाते चादरी आहेत दार ओढू नका'. त्यात दोन स्वल्पविराम घालून तुम्ही मला परत पाठवलंत."

"हो, घातले."

"मग वाचलं नाहीत?"

"तपासलं," पूर्णविराम म्हणाले.

एव्हाना मावशी, शिंपी, कंपाउंडर जिन्यात येऊन उभे राहिले होते. शिंपी तोंडावर हात धरून हसत होता. लाज झाकायला पूर्णविरामांनी आवाज चढवला. "पण दार एवढं ठोकायचं कशाला म्हणतो मी."

"मी कुठे ठोकलं?" बायको म्हणाली. "हात मोकळे आहेत का माझे? हाक मारली फक्त."

शिंप्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिच्या मागे दार उघडंच होतं, गच्ची काळी पडली होती, आणि रिकामी दोरी हलत होती. प्रश्न पाचही तोंडांवर होता. विचारला कोणीच नाही.

रविवारी कंपाउंडर निवडून आले. पूर्णविरामांना एकच मत पडलं, आणि ते बायकोचं नव्हतं. वाटेल तेवढी चिन्हं टाका, असं नव्या अध्यक्षांनी जाहीर केलं. मावशींनी लगेच 'अभिनंदन???' लिहिलं.

तर कंपाउंडरांना खुर्ची मिळाली, मावशींना चिन्हं मिळाली, शिंप्याला गिऱ्हाइकांसाठी गोष्ट मिळाली, आणि बायकोचा गच्चीचा फेरा कायमचा सुटला. किंमत मोजली ती एकट्या पूर्णविरामांनी. चादरी आता तेच काढायला जातात. दाराशी थांबून आधी मोठ्याने विचारतात, "वर कोणी आहे का?" त्यातलं प्रश्नचिन्ह तळमजल्यापर्यंत ऐकू येतं. मग ते कान देऊन उभे राहतात, आणि आयुष्यभर लोकांच्या वाक्यांत चुका शोधलेला हा माणूस मनोमन एवढंच मागतो, की उत्तर शुद्ध-अशुद्ध कसलंच येऊ नये.