ओव्हाळभाऊंचे चार सेकंद

ओव्हाळभाऊ कोणत्याही गोष्टीकडे चार सेकंदांपेक्षा जास्त बघत नाहीत. मी हे गंमत म्हणून सांगत नाही, मोजून सांगते आहे.

माझ्या दुकानाला नवी पाटी लागली तेव्हा अर्धं वलवण गाव ती बघून गेलं. अक्षरं बारीक झाली, आइस्क्रीमचा रंग उठला नाही, असं ज्याने त्याने काहीतरी नाक मुरडून सांगितलं. ओव्हाळभाऊ आले, मान वर केली, ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन, चार म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कशी वाटली, मी विचारलं. "झाली बघून. झाका आता, वहिनी," ते म्हणाले. दुकानाची पाटी झाकून मी धंदा कसा करायचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

धरणाच्या रस्त्यावर माझं थंड पेयांचं आणि आइस्क्रीमचं दुकान आहे. ओव्हाळभाऊ मागच्या चाळीत राहतात. मूळचे परंदवडीचे. पुण्यातल्या एका मोठ्या तपासणी लॅबमध्ये टेक्निशियन होते. सकाळच्या लोकलने जायचे, संध्याकाळी परतताना दुकानात थांबायचेच, पण बसायचे नाहीत. बाकड्याच्या या टोकाला टेकतील, त्या टोकाला टेकतील, उठून माझ्या डीप फ्रीजरचं झाकण दाबून बघतील, पुन्हा टेकतील. त्यांच्याशी बोलणं म्हणजे टेबलफॅनशी बोलणं. वारा आपल्या वाटणीला येतो, पण तोंड लगेच दुसरीकडे जातं.

घरात आणखी एक प्रकार. जे दिसेल ते फॉइलमध्ये गुंडाळलेलं. गोळ्या-औषधं गुंडाळलेली, चष्म्याचं घर गुंडाळलेलं, रेशनकार्डसुद्धा गुंडाळलेलं. एकदा त्यांच्याकडे हळद मागायला गेले, तर ओट्यावर सात चकचकीत पुडकी. त्यातलं हळदीचं कोणतं, हे त्यांची मुलगी सुजाता हुंगून सांगते. ती इथल्याच एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून बघणं हीच तिची नोकरी, आणि बाप हा असा.

सुजाताला बघायला तळेगावची मंडळी आली होती, तो दिवस मी विसरणार नाही. ज्या कार्यक्रमाच्या नावातच बघणं आहे, त्यात ओव्हाळभाऊंनी मुलाकडे चार सेकंद बघितलं आणि नंतर तासभर खिडकीतून माझे वाळत घातलेले कपडे बघत बसले, तेही चार-चार सेकंद. पोहे झाले, चहा झाला, तरी मान वळेना. शेवटी मुलाच्या आईने विचारलं, आमचा मुलगा तुम्हाला पसंत नाही का. "लय चांगला हाय," भाऊ खिडकीला म्हणाले. "म्हनून तर जास्त बघितला न्हाई."

मंडळी उठून गेली. सुजाताला तो मुलगा नकोच होता, त्यामुळे ती खूश. पण त्या संध्याकाळी दुकानात येऊन कुल्फी खाता-खाता ती थांबली. म्हणाली, "मावशी, त्याला निदान चार सेकंद तरी मिळाले. माझ्याकडे पप्पा दोनच सेकंद बघतात." दहावीच्या सत्काराला ती स्टेजवर चढली तेव्हा पप्पा चपलेचा अंगठा बघत होते म्हणे. मी हसण्यावारी नेलं.

ही सवय कुठून आली, ते मी एकदा त्यांनाच विचारलं. त्यांनी खिशातून एक छोटी जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली, माझ्या शेल्फवरची टॉनिक वॉटरची बाटली घेतली, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाटलीवर उजेड टाकला. पाणी निळं पेटलं. पर्यटकांना मी वर्षानुवर्षं विकत होते ती बाटली हीच का, असं मला झालं.

त्यांनी समजावलं ते असं. काही पदार्थांवर एका जातीचा उजेड टाकला की ते उलट स्वतःचा वेगळा उजेड देतात. असे रंग लॅबमध्ये आजाराला चिकटवतात. मग अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली तेवढाच आजार चमकतो आणि डॉक्टरांना कळतं की तो कुठे दडून बसलाय. "पन टॉनिक लय दम धरतं," ते म्हणाले. "आमच्या काचा तशा न्हाईत. ज्या उजेडानं दिसतं, त्याच उजेडानं रंग जळतो. जितकं बघाल तितकं इझतं. म्हनून बघायचं, आन लगेच झाकायचं." मी म्हटलं, अहो, मग माझी पाटी कशी विझेल. त्यावर ते उठून फ्रीजरचं झाकण बघायला गेले.

आता त्या फ्रीजरबद्दल सांगते. लोणावळ्याच्या पावसात तारा तुटतात आणि वीज दोन-दोन दिवस जाते. माझ्याकडे जनरेटर आहे, नाहीतर धंदाच वितळून जाईल. वीज गेली की दहाव्या मिनिटाला ओव्हाळभाऊ भिजत दारात हजर. हातात बर्फाच्या पिशवीत ठेवलेला पेढ्यांचा पत्र्याचा डबा. तो ते स्वतः कुल्फीच्या खाली, अगदी तळाला ठेवायचे. "उघडू नगा," एवढंच सांगायचे आणि वीज येईपर्यंत चार वेळा येऊन विचारायचे, मशीन चालू हाय ना.

असं पाच-सहा पावसाळे चाललं. शेवटी आमचे हेच म्हणाले, बघ तरी काय आहे ते, उद्या कुणी विचारलं तर आपल्याला सांगता यायला हवं. मलाही मासे असतील, विष असेल, काय काय वाटत होतं. मागच्या वर्षी, पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं, अशा भर दुपारी मी डबा उघडला. आत फॉइल. फॉइलमध्ये फॉइल. त्यात एक काचेची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने घातलेला नंबर आणि मधोमध शितापेक्षा बारीक एक पुसट रेघ. मी ती दारात नेऊन उन्हात धरली. उलटी केली, सुलटी केली, धरणाच्या पाण्याकडे धरून आरपार बघितलं. काहीच नव्हतं. एवढ्यासाठी हा माणूस भिजतो, म्हणून मी मनसोक्त हसले आणि होतं तसं गुंडाळून ठेवलं.

यंदा भाऊंच्या निवृत्तीला महिना राहिला आणि त्यांचं फिरणं वाढलं. बाकडं सोडून ते आता रस्त्यावर येरझारा घालायचे. एका संध्याकाळी मीच ओरडले, एका जागी बसा आणि काय ते सांगा. ते बसले. मग रस्त्याकडे बघत सांगितलं.

डब्यातली काच त्यांच्या बायकोची होती. मंगलची. तिची किडनी कशाने जातेय ते कळायला सुईने बारीक तुकडा काढला होता, आणि तो तपासायला नेमका यांच्याच टेबलावर आला. नाव वाचलं तरी रंग त्यांनीच घातला, दुसऱ्याच्या हातात देववेना. मग तपासणारे डॉक्टरसाहेब येण्याआधी ते काचेला डोळे लावून बसले. किती वेळ, ते त्यांनाही माहीत नाही. साहेब आले तेव्हा काचेचा एक कोपरा पार विझला होता. उरलेल्यात साहेबांनी आजार ओळखला. पाच महिन्यांनी मंगल गेली. सुजाता तीन वर्षांची होती. जुन्या काचा टाकून द्यायची वेळ आली तेव्हा साहेबांना विचारून भाऊंनी ही घरी आणून फ्रीजमध्ये ठेवली. त्यानंतर त्यांनी ती एकदाही बघितली नाही.

मी म्हटलं, फोटो नाही का काढत त्याचा. "हाय की रिपोर्टात," ते म्हणाले. "फोटोला काय, हजारदा बघा. तो फोटोच ऱ्हातो."

आणि आता नोकरी संपणार. तो निळा दिवा, ती अंधारी खोली काही घरी आणता येत नाही. बघायची तर शेवटच्या दिवशी, नाहीतर कधीच नाही. "बघितली तर इझंल," ते म्हणाले. "न्हाई बघितली तर कुनाच्या उपेगाची?"

भर दुपारचं ऊन, धरणाचं चकाकणारं पाणी, उलटी-सुलटी केलेली काच, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. इतकी वर्षं या माणसाने जी अंधारात सांभाळली, ती मी हसत हसत उन्हात धरली होती. त्या दिवसापासून बाकड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे मी फिरायला लागले. सांगायचं मात्र रोज उद्यावर ढकललं.

शेवटच्या दिवशी भाऊंनी सुजाताला आणि मला बरोबर चला म्हटलं. लोकलमध्ये डबा बर्फाच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या मांडीवर. सुजाताला त्यांनी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती खिडकीशी बसली होती, रडून डोळे सुजले होते. मळवली गेलं, कामशेत गेलं. मी चार वेळा घसा खाकरला. कान्हे जाताना मात्र राहवेना. म्हटलं, भाऊ, मागच्या पावसाळ्यात मी डबा उघडला होता. काच उन्हात धरली होती.

ते बाहेर पळणारे विजेचे खांब बघत होते. "म्हाईत हाय," ते म्हणाले. "फॉइलची घडी मी डावीकडून घालतो. तुमी उजवीकडून घातली व्हती."

मग परत का आणलात माझ्याकडे डबा, मी विचारलं. त्यांनी पिशवीतलं पाणी हलवलं, बर्फ किती उरलाय ते बघितलं. "चुकून उघडली आसंल. पन झाकून तर ठेवली ना परत," ते म्हणाले.

लॅबमध्ये शाल झाली, गुच्छ झाला, सामोसे झाले. भाषण करणाऱ्या साहेबांकडे भाऊंनी चार सेकंद बघितलं. मग साहेबांनी अंधाऱ्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सगळ्यांना घेऊन बाहेर थांबले.

खोली आमच्या न्हाणीएवढी, दाराला काळा पडदा. भाऊंचे हात तिथे एकदम शांत झाले. काच ठेवली, साध्या मंद उजेडात यंत्र जुळवलं, या उजेडात ती चमक दिसत नाही म्हणाले. मी समजले होते की आता ते बसतील आणि मग मुलीला देतील. ते खुर्चीवरून उठले. "बस, सुजे," म्हणाले. तिने यंत्राला डोळे लावले आणि त्यांनी निळ्या दिव्याची खिटी सरकवली.

मग सुजाता म्हणाली, "काळंच आहे, पप्पा. काही दिसत नाही."

माझ्या हातून झालं होतं ते झालं होतं.

"थांब," भाऊ म्हणाले. "डोळ्याला अंधाराची सवय हू दे."

तिने डोळे मिटले, पुन्हा यंत्राला लावले. मग ती हळूच म्हणाली, "आहे. हिरवं आहे. बारीक मण्यांची गुंडाळी असावी तसं." मला तिथल्या तिथे रडू फुटलं. भाऊ हलले नाहीत. "यात आई कुठंय?" तिने विचारलं.

"हिरवं दिसतंय ते दुखनं," ते म्हणाले. "त्याच्या भवतीचं काळं हाय ना, ती तुजी आई."

तिने यंत्र दोन्ही हातांनी धरलं. थोड्या वेळाने घाईने म्हणाली, "कमी होतंय, पप्पा. बंद करा, लवकर बंद करा." त्यांचा हात खिटीवरच होता. आता झाली बघून म्हणतील, झाका म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "बघ. इझंस्तवर बघ."

काचेखालून निळा उजेड सांडत होता, तो सुजाताच्या हनुवटीवर आणि गालावर पडला होता. भाऊ तिच्याकडे बघत होते. सवयीने मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाच. दहा झाले. साठाच्या पुढे माझं मोजणं चुकलं.

"विझलं, पप्पा," सुजाता म्हणाली.

"व्हय," ते म्हणाले, आणि बघतच राहिले.